कै.च्या जागी चि.

सुध्या, तुझ्या शोकसभेच्या पत्रिकेवर मी तुझ्या नावाआधी ‘चि.’ छापलं.

चि. सुधीर. त्याखाली भुवया चढवलेला तुझा फोटो, त्याखाली सभेची वेळ, सोसायटीच्या हॉलचा पत्ता आणि ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ असलं एक वाक्य, जे तू असतास तर खोडलं असतंस. छापायला देण्याआधी मी सगळं तपासलं. फोटोभोवतीची मोकळी जागा, ओळींमधलं अंतर, ‘हॉल’वरचा चंद्र नीट बसलाय का. फक्त तुझं नाव वाचलं नाही. तुझं नाव काय वाचायचं? ते तर पाठ होतं.

कर्वेनगरातल्या तुमच्या त्या हॉलच्या दारात पत्रिकांचा गठ्ठा ठेवला होता. पहिली उचलली तळमजल्यावरच्या काळे आजोबांनी. कपाळावरचा चष्मा खाली घेतला, वाचलं, फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मुंज आहे का?” त्यांनी विचारलं.

मी पत्रिका हातात घेतली आणि तुझं नाव पहिल्यांदा वाचलं. सभा सुरू व्हायला वेळ होता, पण खुर्च्या भरत आल्या होत्या आणि पत्रिका सगळीकडे पोचल्या होत्या. आजोबा जन्मभर शाळेत मराठी शिकवलेले. त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि रांगेरांगेतून फिरायला लागले. समोरच्याच्या हातातली पत्रिका घ्यायची, ‘चि.’वर काट मारायची, वर ‘कै.’ लिहायचं, पत्रिका परत द्यायची, पुढची खुर्ची. मी मागच्या भिंतीला टेकून ते बघत होतो. प्रत्येक खुर्चीपाशी तू पुन्हा एकदा जात होतास, सुध्या. आणि आजोबांचं अक्षरही असं मोत्यासारखं, की शंकेला जागाच ठेवत नव्हतं.

पहिल्या रांगेत मेधावहिनी बसल्या होत्या. आजोबांनी हात पुढे केला तेव्हा त्यांनी पत्रिका मागे ओढली, घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. “माझी राहू द्या,” म्हणाल्या.

नंतर भाषणं झाली. तुझ्या कॉलेजातले एक सहकारी माईक धरून म्हणाले की, ज्या मित्राची लेखणी सुधीरसरांच्या नावाआधी ‘कै.’ लिहायला धजावली नाही, त्या मैत्रीला मी वंदन करतो. लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. एका बाईंनी डोळे पुसले. मी मान खाली घातली. ती दुःखानं खाली गेली असं सगळ्यांना वाटलं आणि मी वाटू दिलं. खरं कारण तुला ठाऊक आहे. लेखणी वगैरे काही नाही रे. संगणकावर नावाआधीच्या उपाध्यांची जी यादी आहे, तिच्यातून ‘कै.’ निवडायचं मी विसरलो. काही निवडलं नाही तर ‘चि.’ आपोआप येतं. ती यादी मी केलेली, आपोआप येण्याची सोयही माझीच. आणि त्याच सोयीवरून तू माझ्याशी इतकी वर्षं भांडलास.

हे सगळं तुला माहीतच आहे. पण हा लेख तुझ्या बहिणीही वाचतील, आणि त्यांना अजून वाटतं की आपण दोघं गाद्यांचा धंदा करत होतो. लॅटेक म्हटल्यावर लोकांना रबर आठवतं, त्याला आपण काय करणार? तुझी थोरली बहीण मला दर भाऊबीजेला विचारायची, “नंदू, पाठदुखीला बरी पडेल अशी एखादी आहे का रे तुमच्यात?” आणि ‘आम्ही डॉक्युमेंट क्लास तयार करतो’ असं तू सोसायटीत सांगितलंस तेव्हा शेजारणीनं मुलाला हाताला धरून आणलं होतं. कितवीपर्यंतचे क्लास, बोर्डाचा की सीईटीचा, आणि बॅच सकाळची मिळेल का.

तर ताई, गाद्या नव्हेत, क्लासही नव्हेत. लॅटेक म्हणजे पुस्तकं आणि प्रबंध देखणे छापणारी एक संगणकी पद्धत. गणितवाले तिच्यावर जीव टाकतात. पण तिच्यात लिहायचं तर उलट्या रेघा आणि महिरपी कंस असं काय काय टंकावं लागतं, आणि ते पाहून मराठीत प्रबंध लिहिणारी शिक्षक मंडळी पळून जायची. म्हणून एक फुकट मिळणारा संपादक, म्हणजे लिहायचा प्रोग्रॅम, सुधीरनं शोधला, ज्यात त्या खाणाखुणा दिसत नाहीत. पडद्यावर सरळ मराठी दिसतं. वरच्या यादीतून ‘प्रकरण’ निवडलं की ओळ प्रकरणाचं शीर्षक होते, ‘प्रमेय’ निवडलं की प्रमेय. मात्र त्या यादीत काय असावं, ते पडद्यावर कसं दिसावं आणि कागदावर कसं उमटावं, हे कोणीतरी आधी ठरवून लिहून ठेवावं लागतं. मराठीसाठी ते कोणी केलेलं नव्हतं. ते आम्ही केलं. कागद त्याच्याकडे होता, पडदा माझ्याकडे.

झालं ताई, आता मी पुन्हा त्याच्याशी बोलतो.

मला या कामात तू कसं ओढलंस ते मी कधी कोणाला सांगितलं नाही. कंपनीनं मला ‘थँक यू’ म्हणून घरी बसवलं होतं. यंत्रांची माहितीपत्रकं लिहिणारा माणूस आता नको होता, ते काम यंत्रंच करायला लागली होती. मी दुपारी गॅलरीत बसून समोरच्या इमारतीच्या टाक्या मोजायचो. तू आलास, बसलासही नाहीस. वर्गात फळ्यासमोर उभा राहतोस तसा उभा राहून म्हणालास, “पक्ष: नंद्या रिकामा आहे. साध्य: नंद्याला कामाला लावणे. रचना: रोज चार वाजता माझ्याकडे ये.”

“आणि सिद्धता?” मी विचारलं.

“ती तू द्यायचीस. चहा मेधा देईल.”

मी त्या दिवशी चिडलो होतो. कुणी कीव केली की मी चिडतो, हे तुला माहीत होतं, म्हणून तू कीव भूमितीच्या वेष्टनात बांधून आणलीस. चार वाजले की अजून माझा हात चपलांकडे जातो. परवा तर जिना उतरून खाली गेलो, गाडीला किल्ली लावली आणि मग आठवलं. तसाच उभा राहिलो. वॉचमन म्हणाला, “काका, बॅटरी डाऊन?” मी म्हटलं, हो.

पहिला घोळ मीच केला. अर्पणपत्रिकेचं पान पडद्यावर नीट दिसतंय का ते बघायचं होतं. ‘कै’वरच्या दोन मात्रा वरच्या ओळीत घुसत होत्या, डोकं छाटलं जात होतं. म्हणून नमुन्याच्या फायलीत मी ‘कै’ घातलं. आता ‘कै.’ म्हटलं की पुढे नाव हवं. तू शेजारी बसून शेंगदाणे सोलत होतास. मी टंकलं: ‘कै. सुधीर सर यांच्या प्रेरणादायी स्मृतीस.’ तू वाचलंस आणि एवढंच म्हणालास, “प्रेरणादायी काढ. खोटं वाटतं.”

मात्रा नीट बसल्या. ओळ काढायची राहिली. नमुना तसाच लोकांकडे गेला.

शिंदेबाई लोणी काळभोरजवळच्या शाळेत शिकवायच्या आणि आपल्या मांडणीवर प्रबंध लिहिणाऱ्या पहिल्या त्याच. सगळं नीट केलं त्यांनी. तक्ते, संदर्भ, परिशिष्टं. काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. आणि आत पहिल्याच पानावर तुझी प्रेरणादायी स्मृती. प्रबंध ज्या कॉलेजात सादर केला तिथले प्राचार्य तुझे जुने मित्र. त्यांनी ते पान पाहिलं आणि तसाच तुमच्या घरी फोन लावला. फोन वहिनींनी घेतला.

“वहिनी, फार वाईट झालं हो. आत्ताच समजलं.”

“काय झालं?”

“सुधीरचं.”

“ते होय? ते आत शेंगदाणे सोलतायत. थांबा, देते.”

आणि तू फोन घेऊन म्हणालास, “बोला. कैलासातून बोलतोय.”

शिंदेबाईंना आपण विचारलं की अहो, ही ओळ काढली का नाहीत? त्या बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. “सर, मला वाटलं ते फॉरमॅटमधीच हाय. म्हटलं कुणीतरी मोठे असतील. विद्यापीठ काढलेले.” पुढे कितीतरी दिवस तू स्वतःची ओळख ‘विद्यापीठ काढलेले कै. सुधीर’ अशी करून द्यायचास. वहिनींना मात्र हसू आलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या मस्करीला जागा कमी पडते का हो, म्हणून आमच्या घरी पाठवता?”

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते संपलं नाही.

तुझं म्हणणं साधं होतं. जिथं लिहिणाऱ्यानं स्वतः ठरवायला हवं, तिथं आपण काहीही भरून ठेवायचं नाही. पडद्यावर लाल रंगाची रिकामी चौकट दाखवायची. नाव लिहिलं की चौकट जाईल. नाही लिहिलं तर कागदावर काहीही उमटणार नाही, ‘अर्पण’ हा शब्दसुद्धा नाही. कोरं पान. “रिकाम्या जागेचा एक मोठा गुण आहे, नंद्या,” तू म्हणायचास, “ती रिकामी दिसते. तुझी भरलेली जागा चुकीची असली तरी भरलेलीच दिसते.”

माझं म्हणणं होतं की रिकामं पाहून माणूस बिचकतो. काहीतरी दिसलं की हात चालतो.

“हात चालला म्हणूनच मी मेलो ना!”

मी हटलो नाही. चौकट पडद्यावरची, म्हणजे माझ्या हद्दीतली, आणि हद्दीच्या बाबतीत मी पक्का पुणेकर. शेवटी तूच कंटाळून म्हणालास, “बरं, नावाआधी काहीतरी दिसायलाच हवं ना तुला? मग चि. ठेव. चुकून कोणाला लागलं तर आशीर्वाद तरी लागेल. आणि कै. टाक यादीच्या तळाला, जिथं सहजासहजी कोणाचा हात जाणार नाही. पण हे तात्पुरतं हं. चौकट तू करायचीस.” तात्पुरतं! या शहरात तात्पुरती म्हणून उभी केलेली गोष्ट कोणी काढून नेल्याचं मला तरी आठवत नाही.

पुढे तीच यादी आपण पत्रिकांच्या मांडणीलाही जोडली, तुझ्या भाचीच्या लग्नासाठी. तिथं ‘चि.’ आपोआप येणं फारच सोयीचं ठरलं आणि मी तुला कोपरानं ढोसून म्हटलं, “बघ!” तू म्हणालास, “लग्नात चालतं. लग्नात सगळंच चालतं.”

खरं सांगायचं तर चौकट करणं अवघड नव्हतं. एका दुपारचं काम. मी केलं नाही, कारण केलं असतं तर तू जिंकला असतास, आणि मग चार वाजता आपण कशावर भांडलो असतो? चहा कशावर गार झाला असता? हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुला कळलं होतं का? कधीकधी वाटतं की कळलं होतं, आणि म्हणूनच तूही ती स्वतः केली नाहीस. तुला तर चुटकीसरशी जमली असती.

आता मार्केट यार्डाची गोष्ट. ती टाळता आली तर टाळणार होतो.

रविवारी सकाळी आपण तिथं जायचो. घरात खाणारी तोंडं दोन, आणि तू टोमॅटोचं अख्खं क्रेट घेणार. घाऊक बाजारात किरकोळ घेणं हा बाजाराचा अपमान आहे, असं तुझं मत. मग जिन्यात जो भेटेल त्याला टोमॅटो. त्या रविवारी मात्र तू फाटकाबाहेरच्या बाईकडून मेथीची एक जुडी घेतलीस.

“एवढंच?” मी म्हटलं.

“आज वजन नको.”

मला वाटलं पाठ धरली असेल. आत पाठीवर पोतं घेतलेला हमाल आपल्यावर ओरडला, “ओ मामा, सरका की! झोपा काढायच्या तर घरी काढा!” एरवी तू त्याला उत्तर दिलं असतंस. तू एका पालथ्या क्रेटवर बसलास, जुडी मांडीवर घेतलीस आणि म्हणालास, “नंद्या, ती चौकट कधी करतोयस?”

“तू मेल्यावर,” मी म्हणालो.

तू हसलास. खळखळून हसलास, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणालास, “मग लाग कामाला.” मीही हसलो. वर विचारलं, चिकू घ्यायचे का?

तुझा रिपोर्ट त्याच आठवड्यात, त्या रविवारच्या आधी आला होता, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं. म्हणजे क्रेटवर बसलास तेव्हा तुला माहीत होतं. माझ्या बोलण्याचं मी काय करू, ते मला अजून समजत नाही. जन्मभर मी जीभ सैल सोडली आणि ती जिथं जिथं पडली त्याच्या गोष्टी करून लोकांना हसवलं. ही गोष्ट सांगून कोणी हसणार नाही. तू हसलास, तेवढाच.

पण माझाही तुझ्यावर राग आहे, तोही इथंच लिहून टाकतो. त्या सकाळी गाडीवर बसताना मी तुला विचारलं होतं, “कसा आहेस?” तू म्हणालास, “बरा.” सुध्या, ही भरलेली जागा नव्हती का? चुकीची, पण भरलेली. ‘सांगता येत नाही’ म्हणाला असतास, गप्प बसला असतास, तरी मला रिकामं दिसलं असतं. मी विचारलं असतं. तेव्हा तुझं तत्त्व कुठं गेलं होतं? आपल्या सगळ्या भांडणात हा एक मुद्दा माझा बिनतोड आहे, आणि तो मांडायला समोर तू नाहीस.

हॉस्पिटलात शेवटी तुझ्या तोंडावर मास्क होता. मी शेजारी बसून बडबडत होतो. कुठल्या कॉलेजनं आपली मांडणी मागवली, शिंदेबाईंना बढती मिळाली, असलं काहीतरी. तू बोट उचललंस आणि हवेत एक आयत काढलास. सावकाश, चारही बाजू. मी म्हटलं, “मोबाईल हवाय?” आणि तुझा मोबाईल हातात दिला. तू डोळे मिटलेस. मोबाईल छातीवर तसाच राहिला. घरी जाताना सिग्नलला थांबलो होतो, तिथं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: चौकट! मागच्यानं हॉर्न वाजवून वाजवून माझा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं की करतो, आजच करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

आणि आता अशीही शंका येते की तू नुसतं ‘खिडकी उघड’ म्हणत असशील. खोली कोंदट होतीच. कोणाला विचारू?

चौकट झाली, सुध्या. काल केली. खरंच एका दुपारचं काम निघालं. तुझ्या पुस्तकातल्या अर्पणाच्या पानावर आता लाल चौकट दिसते, आत काही नाही, आणि छापल्यावर पान कोरं येतं. ‘चि.’ नाही, ‘कै.’ नाही. पुस्तक असंच छापायला जाईल. माझं हृदयपरिवर्तन झालं, असं समजून खूश होऊ नकोस. कशी झाली ते ऐक, तुला त्यात जास्त मजा येईल.

वहिनींनी तुझा संगणक माझ्या हवाली केला होता. वर्तुळांवरचं तुझं पुस्तक त्यात होतं, सगळी प्रकरणं पुरी. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, प्रत्येक सिद्धतेच्या शेवटी तुझा तो छोटा काळा चौकोन. वाचता वाचता तुझा आवाज येत होता, विशेषतः जिथं तू ‘हे उघड आहे’ लिहितोस तिथं, कारण ते कधीच उघड नसायचं. मग मी पुस्तकाच्या सुरुवातीला गेलो. अर्पणपत्रिकेच्या पानावर एकच शब्द होता.

‘चि.’

पुढे काही नाही. मी खुर्चीत मागे रेललो. जाता जाता माणसानं एक शब्द लिहिला, चिरंजीव, आणि पुढचं नाव लिहायला हात उचलला नाही! मला रडू फुटलं. सभेत आलं नव्हतं, स्मशानात आलं नव्हतं, ते तिथं आलं. मग विचार सुरू झाला की चि. कोण? रेवा असेल. पण लेकीच्या नावाआधी तू जन्मात चि. लावलं नाहीस, “जनावराला शेपूट मागून असते, आपल्याकडे माणसाच्या नावाला पुढून असते” म्हणायचास. मग कोण? मार्केट यार्डातलं ते बोलणं आठवलं. मी तुला ‘तू मेल्यावर’ म्हणालो आणि उलट तू मला चिरंजीव म्हणालास, असं तर नसेल? माफ करून गेलास, असं तर नसेल?

सांगायला लाज वाटते, पण ‘चि.’पुढे मी माझं नाव टंकून पाहिलं. कसं दिसतं ते बघण्यापुरतंच. ‘चि. नंदकुमार यास.’ जरा डावीकडे सरकल्यासारखं वाटलं म्हणून अंतरही नीट केलं. मग पुसलं.

आणि काल सकाळी संगणक काखोटीला मारून वहिनींकडे गेलो. त्या टेबलाशी मेथी निवडत होत्या. तुझी खुर्ची तशीच होती, मी दुसरी ओढली.

“वहिनी,” मी शक्य तितक्या हळुवार म्हणालो, “सुध्यानं जाताना एक शब्द लिहून ठेवलाय.”

त्यांचे हात थांबले. चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा बघायची माझी हिंमत नाही. त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला. मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पुढे?”

“पुढे काही नाही. तिथंच थांबलाय तो. मला वाटतं, रेवासाठी असेल. किंवा…”

“किंवा?”

“किंवा मला.”

वहिनी उठल्या. आतून पर्स घेऊन आल्या आणि घडी घातलेली ती पत्रिका काढली, काळे आजोबांच्या हाती न लागलेली. टेबलावर उलगडली आणि पडद्याशेजारी धरली. तेच ‘चि.’. तेच टिंब, पुढे तीच जागा. फक्त इकडे तुझं नाव होतं आणि तिकडे कोणाचंच नव्हतं.

“मी त्यांना विचारलं होतं, पुस्तक कोणाला अर्पण करणार,” त्या म्हणाल्या. “म्हणाले, बघू. मग ते बघायचं राहून गेलं. एवढंच.” त्यांनी चष्मा काढला, पत्रिकेची पुन्हा घडी घातली आणि मेथीची जुडी पुढे ओढली. “हे ‘चि.’ त्यांनी लिहिलेलं नाही, भाऊजी, तुमच्या यादीनं लिहिलंय. चुका करता ते ठीक आहे, पण निदान स्वतःची चूक समोर आली तर ओळखत तरी जा!”